एक स्वयंपाकघर, तिघांचे मीठ

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझे यजमान यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत. उन्हाळ्यात पत्र्याखाली दिवसभर उभे राहून त्यांचा सदरा घामाने भिजतो, वाळतो आणि पाठीवर मिठाचे पांढरे डाग उठतात. पाळी संपेपर्यंत लघवीला एखाद-दुसऱ्या वेळीच जावे लागते, तीही गडद असते. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, म्हणून ते औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणून घेतात. सासूबाई एकोणसत्तर वर्षांच्या आहेत. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिच्या पाकिटावर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन अशी दोन नावे आहेत. मोबाइलवरचा एक संदेश वाचून त्यांनी मीठ पूर्ण सोडले आहे आणि किडनी धुऊन निघावी म्हणून त्या रोज पाच-सहा लिटर पाणी पितात. जेवण म्हणजे पेज, नाहीतर चहा-टोस्ट. काही दिवसांपासून त्यांना मळमळते, चालताना तोल जातो आणि काल त्यांनी नातवाला दुसऱ्याच नावाने हाक मारली. मला स्वतःला शेंगाचटणी, पापड, लोणचे असल्याशिवाय जेवण जात नाही, आणि सकाळी उठल्यावर अंगठी बोटात घट्ट बसलेली असते. एकाला मीठ हवे, एकीला नको, एकीला कमी, असे शेजारी सांगतात. मूत्रपिंडे नेमके काय करतात आणि मी स्वयंपाक कसा करावा?
— एक गृहिणी, सोलापूर

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रावर दूरध्वनी क्रमांक होता, त्यामुळे सासूबाईंविषयीचा भाग हे सदर प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता मी तुम्हाला लगेच कळवला. तशीच परिस्थिती असलेल्या इतर घरांसाठी तो येथे पुन्हा लिहितो. उतारवय, लघवी वाढवणारे औषध, बंद केलेले मीठ, बेसुमार पाणी आणि त्यानंतर मळमळ, तोल जाणे, नावांचा गोंधळ, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की रक्तातले सोडियम उतरले असावे असे धरूनच चालावे आणि त्याच दिवशी रक्तातील सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे टाकाऊ द्रव्य) तपासून घ्यावे. सोडियम सर्वसाधारणपणे लिटरमागे १३५ ते १४५ मिलीमोल असते. रुग्णाला सारखी गुंगी येत असेल, तो घरच्यांना ओळखत नसेल किंवा त्याला आकडी (फिट) आली असेल, तर तपासणीच्या प्रयोगशाळेत न जाता थेट रुग्णालयात न्यावे. गोळीचा पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करून विचारावे. घरच्या घरी मिठाचे पाणी पाजून आकडा वर चढवण्याचा प्रयत्न मात्र करू नये. बरेच दिवस उतरलेले सोडियम एकदम वाढले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून रुग्णालयातही ते २४ तासांत साधारण ८ ते १० मिलीमोलपेक्षा अधिक वाढू न देण्याची काळजी घेतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून जेमतेम ३०० ग्रॅम असते, पण हृदय मिनिटाला जे सुमारे पाच लिटर रक्त बाहेर ढकलते त्यातले एक लिटरहून अधिक रक्त एकट्या या दोन अवयवांकडे जाते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याचे सूक्ष्म घटक असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा एक पुंजका असतो. तेथे रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिने आत राहतात आणि पाणी, मीठ, साखर, युरिया असे विरघळलेले सर्व काही नलिकेत उतरते. असे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. आपल्या शरीरातला रक्तद्रव, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणारा रक्ताचा पातळ भाग, अवघा तीन लिटर असल्यामुळे तोच द्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो, असा याचा अर्थ. त्या १८० लिटरांत मीठ किती असते, हा हिशेब केला तर उत्तर जवळजवळ दीड किलो येते. अर्थात एवढे पाणी आणि एवढे मीठ बाहेर गेले तर माणूस तासभरही टिकणार नाही. दिवाळीपूर्वी माळ्यावरचे सगळे सामान अंगणात काढून, हवे तेवढे पुन्हा वर चढवून उरलेले भंगारात द्यावे, त्याच रीतीने मूत्रपिंडे आधी सर्व काही बाहेर काढतात आणि मग नलिकेच्या लांबीभर ९९ टक्के पाणी आणि त्याहूनही अधिक मीठ रक्तात परत घेतात. उरलेले दीड-दोन लिटर म्हणजे आपली लघवी. ज्या अवयवात रक्तद्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो, त्याला वरून पाणी ओतून धुण्याची गरज नसते, एवढे सासूबाईंना आलेल्या त्या संदेशाविषयी पुरे.

परत घेण्याचे हे काम कसे होते, ते जरा बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण तुमच्या घरातल्या तिन्ही तक्रारींची मुळे तेथेच आहेत. मूत्रपिंडात पाणी ओढून घेणारा कोणताही पंप नाही. पंप आहेत ते सोडियमचे. नलिकेच्या भिंतीतील पेशी ऊर्जा खर्च करून सोडियम रक्ताकडे ढकलतात आणि जेथे भिंत पाणी जाऊ देते तेथे पाणी त्या सोडियमच्या मागोमाग जाते. नलिकेच्या सुरुवातीच्या भागात गाळलेल्या मिठाचा आणि पाण्याचा सुमारे ६५ टक्के भाग असा बरोबरीनेच परत येतो. पुढे नलिका मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोल उतरते, वळसा घेऊन पुन्हा वर चढते आणि या चढणाऱ्या भागात एक विलक्षण गोष्ट घडते: तेथील भिंत मीठ बाहेर खेचते, पण पाण्याला बाहेर पडू देत नाही. त्यामुळे नलिकेतला द्रव पातळ होत जातो आणि मूत्रपिंडाचा गाभा खारट होत जातो. पुढे युरियाचीही भर पडून गाभ्यातील क्षारता रक्ताच्या चौपट होऊ शकते. लघवी गोळा करणारी शेवटची नलिका याच खारट गाभ्यातून खाली उतरते. तिच्या भिंतीत पाण्याची दारे उघडली तर पाणी आपोआप खारट बाजूकडे खेचले जाते आणि लघवी घट्ट होते. दारे बंद राहिली तर पातळ लघवी तशीच मूत्राशयात उतरते.

ही पाण्याची दारे म्हणजे अक्वापोरिन नावाची प्रथिने. या प्रथिनांच्या शोधाबद्दल पीटर अग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. शेवटच्या नलिकेतली दारे उघडावीत की मिटावीत हे मेंदू ठरवतो. हायपोथॅलॅमसमधील काही पेशी रक्त किती दाट झाले आहे हे सतत पाहत असतात आणि त्यात एक-दोन टक्क्यांचा फरक पडला तरी पियुषिका ग्रंथीतून व्हासोप्रेसिन हे संप्रेरक सुटते. ते रक्तातून मूत्रपिंडात पोहोचते, दारे उघडतात आणि लघवी कमी व गडद होते. त्याच्या जोडीने तहान लागते, आणि तहान लागणे तितकेच महत्त्वाचे आहे, कारण मूत्रपिंडे पाणी वाचवू शकतात, निर्माण करू शकत नाहीत. तुमच्या यजमानांची गडद लघवी म्हणजे मूत्रपिंड बिघडल्याची खूण असेलच असे नाही. पाणी वाचवण्याचे काम ते चोख करत असल्याची ती खूण असते. दिवसभरात तयार होणारी टाकाऊ द्रव्ये बाहेर नेण्यासाठी निरोगी मूत्रपिंडालाही कमीत कमी अर्धा लिटर लघवी लागतेच. त्याखाली आकडा गेला की घाण आत साठू लागते.

मिठावर लक्ष ठेवणारी यंत्रणा निराळी आहे. मेंदूतल्या त्या पेशी दाटपणा पाहतात, तर ही यंत्रणा शरीरात एकूण द्रव किती आहे आणि रक्ताचा दाब किती आहे हे पाहते. गाभ्यातून वर चढून आलेली प्रत्येक नलिका ज्या पुंजक्यातून निघाली त्याच पुंजक्याच्या दाराशी येऊन चिकटते, आणि तेथे मॅक्युला डेन्सा नावाच्या थोड्याशा पेशी समोरून जाणाऱ्या द्रवातले मीठ अक्षरशः चाखून पाहतात. मीठ कमी आले किंवा पुंजक्याकडे येणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब उतरला, तर शेजारच्या पेशी रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. रेनिनमुळे यकृतातून आलेल्या एका प्रथिनापासून अँजिओटेन्सिन तयार होते, आणि ते रक्तवाहिन्या आवळते व मूत्रपिंडाच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडायला लावते. अल्डोस्टेरॉनच्या आज्ञेवरून नलिकेचा अखेरचा भाग उरलेसुरले सोडियम परत घेतो आणि बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकतो. उलट द्रव जास्त झाला तर हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंती ताणल्या जाऊन त्यांतून एक वेगळे संप्रेरक सुटते आणि ते मूत्रपिंडाला मीठ सोडून द्यायला सांगते. पाण्याचा निर्णय तासा-दोन तासांत अंमलात येतो, पण मिठाचा हिशेब जुळायला दोन-तीन दिवस लागतात. हा वेगातला फरक लक्षात ठेवावा.

सासूबाईंचे काय झाले असावे, ते आता सांगता येईल. निरोगी मूत्रपिंड रक्ताच्या सहाव्या हिश्शाइतकी पातळ लघवी करू शकते, पण निव्वळ पाणी ते बाहेर टाकू शकत नाही. प्रत्येक लिटर पाण्याबरोबर काहीतरी विरघळलेले बाहेर जावेच लागते, आणि ते येते आहारातील मिठापासून व प्रथिनांपासून बनलेल्या युरियातून. आमटी, भाकरी, उसळ, दही असे चौरस जेवणारा माणूस त्यामुळे दिवसाला दहा लिटरहून अधिक पाणीही बाहेर टाकू शकतो. पेज आणि चहा-टोस्टवर राहणाऱ्या, मीठ सोडलेल्या व्यक्तीजवळ बाहेर टाकण्यासारखे द्रव्यच थोडे उरते, आणि त्याबरोबर जाऊ शकणारे पाणीही तेवढेच राहते. अशा वेळी पाच-सहा लिटर पाणी ही मर्यादा ओलांडू शकते. त्यात त्यांची गोळी आहे. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनचे काम अडवते. क्लोरथॅलिडोन, त्याच कुळातल्या हायड्रोक्लोरोथायझाइडप्रमाणे, नलिकेच्या ज्या भागात लघवी पातळ केली जाते नेमक्या त्याच भागातला सोडियमचा पंप बंद करते, मात्र गाभ्याचा खारटपणा शाबूत ठेवते. परिणामी मीठ बाहेर जात राहते आणि पाणी आत राहते. क्लोरथॅलिडोनचा अंमल बराच लांबतो, गोळी थांबवल्यावरही तो दोन-तीन दिवस टिकतो. रक्त पातळ झाले की पाणी पेशींच्या आत शिरते आणि पेशी फुगतात. हाता-पायातील पेशींना फुगायला जागा असते, कवटीतल्या मेंदूला नसते. मळमळ, तोल जाणे आणि नातवाचे चुकलेले नाव यांचे कारण बहुधा हेच आहे. वयाचा दोष म्हणून ते सोडून देऊ नये.

याचा अर्थ ती गोळी वाईट आहे असा कोणी काढू नये. रक्तदाब ताब्यात ठेवून पक्षाघात टाळण्याच्या कामी ती उत्तम गोळी आहे आणि असंख्य रुग्ण ती वर्षानुवर्षे सुखाने घेतात. पण ती घेणाऱ्याने मीठ एकदम शून्यावर आणायचे नसते आणि पाणी ठरवून बेसुमार प्यायचे नसते. ती सुरू केल्यावर काही आठवड्यांत, आणि वय झालेल्यांनी त्यानंतरही अधूनमधून, सोडियम-पोटॅशियम तपासून घ्यावे. सासूबाईंची प्रकृती सावरल्यावर त्यांच्यासाठी पाण्याचा आकडा त्यांचे डॉक्टर ठरवतील. साधारणतः उन्हाळ्यातही दोन-अडीच लिटर पुरते, कारण त्या पंख्याखाली घरात असतात. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते हे खरे आहे, म्हणून जेवणाबरोबर आणि दुपारी आठवणीने पाणी द्यावे, परंतु दर तासाला तांब्या पुढे करू नये. जुलाब-उलट्या सुरू झाल्या किंवा खाणे-पिणे बंद पडले, तर ही गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून पाकिटावर लिहून ठेवावे.

मुतखड्याच्या रुग्णांना दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. त्या सल्ल्याचे रूपांतर सर्वांसाठीच्या नियमात झाले आणि मग मोबाइलवर फिरताना त्याचे आकडे वाढत गेले, असा माझा कयास आहे. हृदय किंवा मूत्रपिंडे दुर्बल झालेल्या रुग्णांना तर पाणी मोजून घ्यावे लागते, त्यांनी हा सल्ला ऐकला तर पायांवर सूज आणि श्वासाला त्रास ठरलेलाच.

आता तुमच्या यजमानांविषयी. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पत्र्याखाली, मागांच्या उष्णतेत, सूत उडू नये म्हणून पंखेही बेताचे असलेल्या ठिकाणी तासाला लिटरभर घाम जाणे कठीण नाही. एका लिटर घामात माणसागणिक साधारण एक ते साडेचार ग्रॅम मीठ असते. सदऱ्यावर पांढरे डाग उठतात, त्या अर्थी तुमच्या यजमानांचा घाम बहुधा खारट बाजूचा आहे. घाम नेहमी रक्तापेक्षा कमी खारट असल्यामुळे आधी पाण्याची तूट पडते आणि रक्त दाट होते. पण माणूस संध्याकाळी घरी येऊन नुसते पाणी घटाघटा पितो, तेव्हा पाणी भरून निघते आणि मिठाची तूट तशीच राहते. ब्रिटनमध्ये के. एन. मॉस यांनी १९२३ मध्ये उष्ण कोळसा खाणींतील कामगारांविषयी नेमके हेच निरीक्षण प्रसिद्ध केले होते: भरपूर घाम गाळून केवळ पाणी पिणाऱ्यांच्या स्नायूंत गोळे येत आणि पाण्यात थोडे मीठ घातले की ते कमी होत. सर्वच गोळे मिठाअभावी येतात असे नाही, दिवसभर उभे राहून थकलेल्या स्नायूंतही ते येतात, हे अलीकडच्या अभ्यासांतून दिसले आहे. तरीही मीठ-पाण्याचा उपाय साधा आहे आणि आधी तोच करून पाहावा.

उन्हाळ्याच्या आरंभी, तसेच आठ-पंधरा दिवस गावी राहून परत कामावर गेल्यावर, हा त्रास जास्त होतो. रोज उष्णतेत काम केल्यावर दहा ते चौदा दिवसांत शरीर जुळवून घेते, अल्डोस्टेरॉनच्या प्रभावाने घर्मग्रंथीही मीठ परत घेऊ लागतात आणि घाम लवकर सुटतो पण कमी खारट असतो. त्या पहिल्या दोन आठवड्यांत विशेष जपावे.

माग सोडून पाण्याला जाता येत नाही, धागा तुटला की माग थांबतो आणि मजुरी नगावर असल्यामुळे थांबलेला माग म्हणजे बुडालेले पैसे, हे मला ठाऊक आहे. म्हणून पाण्याची बाटली मागाजवळच, हाताला येईल अशी ठेवावी आणि दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. एकाच वेळी दोन लिटर पिण्यापेक्षा हे कितीतरी बरे, आणि तासाला दीड लिटरच्या वर कधीही जाऊ नये. दुपारच्या डब्याबरोबर मीठ-जिरे घातलेले पातळ ताक किंवा ज्वारीची आंबील द्यावी. डब्यात आमटी-भाजी असेल तर एवढ्याने मिठाची भरपाई होते, मिठाच्या गोळ्यांची आवश्यकता नाही. जुलाबासाठी मिळणारी ओआरएसची पुडी फार घाम गेलेल्या दिवशी एक लिटर पाण्यात नीट विरघळवून घ्यायला हरकत नाही, परंतु ती रोजचे सरबत म्हणून वापरू नये आणि अर्ध्या पेल्यात तर मुळीच कालवू नये. दुपारनंतर एकदा लघवीला जावे लागले आणि तिचा रंग फिकट पिवळा असला, तर पाणी पुरेसे पोहोचले असे समजावे.

दुखण्याच्या गोळीबाबत मात्र मला कठोर व्हावे लागेल. शरीरातले पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात, आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या नेमकी तीच द्रव्ये बनू देत नाहीत. दिवसभर घाम गाळून, पाणी न पिता, रात्री अशी गोळी घेणे म्हणजे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आपल्या हाताने तोडणे आहे. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांमध्ये, मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही, तरुण वयात मूत्रपिंडे निकामी होण्याचा एक विकार आढळतो आणि भर उन्हातले कष्ट व वारंवार पाणी कमी होणे हे त्याचे एक प्रमुख संशयित कारण मानले जाते. हीच गोळी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी कधीही पुढे करू नका, त्यांच्या रक्तदाबाच्या औषधांबरोबर ती अधिकच घातक ठरते. पत्रात तुम्ही उल्लेख केलेला नाही, पण काम संपल्यावर थकवा घालवायला जे दारू घेतात त्यांनी हेही जाणून असावे की दारू व्हासोप्रेसिनला दाबते, त्यामुळे आधीच कोरड्या पडलेल्या शरीरातून आणखी पाणी निघून जाते.

राहिला तुमचा प्रश्न. रात्री खारट जेवण झाले की रक्त किंचित दाट होते, तहान लागते, तुम्ही पाणी पिता आणि दाटपणा तासाभरात पूर्ववत होतो. जादा मीठ आणि त्याच्या सोबतीचे पाणी मात्र आतच राहते, कारण मिठाचा निचरा व्हायला दोन-तीन दिवस लागतात, हे वर आलेच आहे. रुग्णालयात लावतात त्या सलाइनच्या एका लिटरात ९ ग्रॅम मीठ असते. त्याच प्रमाणात तुमच्या शरीराने साडेचार ग्रॅम मीठ रोखून धरले तर अर्धा लिटर पाणी त्याबरोबर अडकते, वजनकाट्यावर अर्धा किलो दिसते आणि अंगठी घट्ट होते. सवय रोजचीच असेल तर हा जादा द्रव रोजच राहतो, आणि पुढेमागे रक्तदाब वाढण्यास तो हातभार लावतो. तथापि निदान पत्रावरून करू नये. नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा-पंधरा सेकंद दाबून पाहा. खळगा पडून तसाच राहत असेल, किंवा सकाळी डोळ्यांभोवती सूज असेल, तर लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याएवढ्याच्या आत, मीठ खावे आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, बेकरीचे पदार्थ सगळे धरायचे असते. सैंधव घेतले म्हणजे हा नियम लागू होत नाही, ही समजूत चुकीची आहे. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते. कमी सोडियमचे म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. टेल्मिसार्टन घेणाऱ्या सासूबाईंच्या रक्तात ते साठून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते, म्हणून डॉक्टरांच्या परवानगीशिवाय ते घरात आणू नये.

तेव्हा स्वयंपाक एकच करावा आणि तो बेताच्या मिठाचा करावा. भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल तर ते सोडा, मालदांडी ज्वारीच्या भाकरीला त्याची गरज भासत नाही. आमटी-भाजीत आजच्या निम्मे मीठ घालून सुरुवात करा, तीन-चार आठवड्यांत जीभ रुळते. सासूबाईंनी हेच अन्न खावे, वेगळे अळणी नव्हे, आणि त्याच्या जोडीला वरण, उसळ, दही असे प्रथिनांचे काहीतरी रोज असावे. शेंगाचटणी सोलापुरात राहून सोडा असे मी सांगणार नाही. ती घरी कुटा, लसूण आणि तिखटावर चव सांभाळा, मीठ हात आखडून घाला आणि ताटात एक चमचाच घ्या. ज्या जेवणात चटणी असेल त्यात पापड आणि लोणचे नको. यजमानांचे जादा मीठ त्यांच्या ताकात निराळे घालावे.

मीठ प्रत्यक्ष किती जाते हे पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. तिघांचे महिन्याचे मीठ ५ ग्रॅमच्या हिशेबाने ४५० ग्रॅम होते, त्यामुळे पिशवी दोन महिन्यांहून अधिक पुरली पाहिजे. ती महिन्याभरात संपली तर माणशी रोज ११ ग्रॅम मीठ जाते असे समजा, आणि बाहेरून आणलेले फरसाण त्याच्या वेगळेच. नातवाचा वाटा लहान असला तरी तोही ध्यानात घ्या. लोणचे-पापड घातलेल्या महिन्यात हा हिशेब चुकेल, तो महिना सोडून द्या. यजमानांच्या ताकातले मीठ घामावाटे जाणारे आहे, म्हणून ते यात धरू नका. पावसाळ्यात घाम कमी झाला की तेही कमी करा. मात्र त्यांना ते देऊ लागण्यापूर्वी एकदा त्यांचा रक्तदाब मोजून घ्या, आणि तो वाढलेला निघाला तर ताकात मीठ घालावे की नाही, हे सासूबाईंना दाखवायला जाल तेव्हा त्याच डॉक्टरांना विचारा.